इंजिन धाकट्याला, पंप थोरल्याला

थोरल्याने बाटली उलटी केली आणि सगळं पाणी इंजिनघराच्या उंबऱ्यावर ओतलं.

"वास घे," तो म्हणाला.

धाकटा भाऊ इंजिनापाशी उकिडवा बसला होता. हातात पाना होता. तो उठला नाही. आत त्याची बायको गाळणीतला भुसा उपसत होती. तिनेही मान वर केली नाही. वास घ्यायची तिला गरज नव्हती. जळक्या लाकडाचा, औषधासारखा, जिभेच्या मुळाशी कडवट होणारा तो वास तिच्या केसांत होता, उशीत होता, भाताच्या घासातसुद्धा होता. आज तो विहिरीच्या पाण्यातून आला होता, आणि विहीर थोरल्याची होती.

"पिंपातलं गॅस धुतलेलं पाणी आम्ही खड्ड्यात सोडतो," धाकटा म्हणाला. "तुझ्या विहिरीत नाही."

"खड्ड्याला बूड आहे का? खड्डा म्हणजे काय तुझ्या बापाचा हंडा?"

"बाप इथंच बसलाय," कोपऱ्यातून आवाज आला.

लाकडाच्या ढिगाआड म्हातारा कुऱ्हाडीने ढलप्या बारीक करत होता. उभा जन्म त्याने एका वखारीत मजुरांवर देखरेख करण्यात घालवला होता, म्हणून त्याच्या माघारी सगळे त्याला मुकादम म्हणत. मुलंसुद्धा.

थोरल्याने बापाकडे बघितलं नाही. बाहेर जाऊन त्याने फावडं उचललं. पिंपाकडून खड्ड्याकडे जाणारा चर हातभर रुंद होता, आणि त्यातून काळं, तेलकट पाणी संथ चाललं होतं. त्यावर ऊन पडलं की मोराच्या पिसासारखे रंग दिसत. थोरला मातीची ढेकळं चरात टाकत गेला. पाणी तुंबलं, वळलं, परत पिंपाकडे सरकलं.

"माझ्या बायकोला टेकडीखालच्या नळावर जावं लागतंय," तो म्हणाला. "डोक्यावर घागर, कडेवर घागर. ह्या वयात. उद्या हा चर उकरलेला दिसला, तर पुढचं फावडं पिंपावर पडेल."

फावडं खांद्यावर टाकून तो बांध ओलांडून गेला. धाकट्याने पाना जमिनीवर ठेवला. ठेवताना आवाज होऊ दिला नाही.

"फावडं आपलं होतं," मुकादम म्हणाला.

कुणी हसलं नाही.

*

मका तुऱ्यात आला होता. आठवडाभर झळा लागत होत्या आणि दुपारी पानांच्या सुरळ्या होत. संध्याकाळी त्या उलगडत, पण रोज थोड्या कमी. कणसाला केस फुटायच्या वेळी पाणी चुकलं की दाणा भरत नाही. नंतर नदी आणून ओतली तरी भरत नाही. नदी खाली होती, शेत वर होतं, आणि मध्ये हे इंजिन होतं. वीज असून नसल्यासारखी. इंजिन चाले ते लाकडाच्या गॅसवर.

इंजिनघराच्या मागच्या अंगाला भट्टी होती. पुरुषभर उंचीचं, मध्ये गळ्यासारखं आवळलेलं लोखंडी पिंप. वरून लाकडाचे तुकडे आणि दाणे काढलेली मक्याची बुरकुंडं टाकायची, खाली गळ्यापाशी जाळ धरायचा, आणि तिथून इंजिनाने स्वतःच्या ओढीने गॅस ओढून घ्यायचा. गॅसबरोबर डांबर येई. म्हणून वाटेत दुसरं पिंप होतं, पाण्याचं. गॅस त्यातल्या फवाऱ्यातून जाई आणि धुऊन निघे. मग भुशाची गाळणी. मग इंजिन. धाकटी भट्टी सांभाळे, धाकटा इंजिन. मुकादम लाकूड सांभाळे, म्हणजे ते संपू नये हे सांभाळे.

"पाण्याशिवाय चालवून बघू," त्या दुपारी धाकटा म्हणाला. "दोन गाळण्या लावू. एकीत भुसा, एकीत कोळसा."

"पिंप धुतं ते गाळणी नाही धुणार," धाकटी म्हणाली.

"मग काय करू? दादाच्या पाया पडू?"

ती कोळसा फोडायला बसली. हरभऱ्याएवढे तुकडे वेगळे, त्याहून बारीक वेगळे. नाकातून काळं पाणी आलं, ते तिने दंडाला पुसलं.

इंजिन चालू झालं. धाकट्याने इंजिनाच्या गॅस घेणाऱ्या तोटीपाशी कान नेला आणि मान हलवली: ठीक आहे. नळीतून पाणी निघालं आणि पाटात पडलं. धाकटी शेताच्या टोकापर्यंत जाऊन आली. पहिल्या सरी ओल्या झाल्या होत्या. ती परत येत होती तेव्हा इंजिनाचा ठोका बदलला. आधी एक ठोका गाळला गेला, चालणाऱ्याला ठेच लागावी तसा. मग दोन. ती धावली. ती पोचेपर्यंत आत खाडकन आवाज झाला होता आणि सगळं थांबलं होतं.

धाकट्याने इंजिनाचं झाकण उघडलं. गॅस आत घेणारा व्हॉल्व्ह अर्ध्यावरच चिकटला होता. त्याच्या दांडीवर तपकिरी, चकचकीत थर होता, वार्निश लावल्यासारखा. त्याला ढकलणारी खालची सळई वाकली होती.

"बघ," तो म्हणाला. "हे बघ."

त्याने रॉकेलचं फडकं दांडीवर गुंडाळलं आणि लाकडी ठोकणीने वरून ठोके दिले. व्हॉल्व्ह हलला नाही. पुन्हा ठोके दिले. मग ठोकणी घसरली आणि त्याच्या अंगठ्यावर बसली. त्याने अंगठा तोंडात घातला, रॉकेल लागलं म्हणून थुंकला, आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याच्या पाठीचा सदरा ओला होता आणि पाठ वरखाली होत होती.

"बांधू का?" तिने विचारलं.

"आधी सळई सरळ करायचीय."

"एका हातानं?"

"तू धर."

तिने धरली. ऐरणीवर सळई फिरवत तो ठोकत होता. प्रत्येक ठोका तिच्या कोपरापर्यंत येत होता. बाहेर पाट सुकत चालला होता, आणि मुकादम दारात उभा राहून म्हणत होता, "मी सांगत होतो. सबुरीनं चालवा. भट्टीची हवा जरा दाबून ठेवली की लाकूडही पुरतं आणि इंजिनावर ताणही येत नाही."

हवेच्या तोंडावर अर्धी वीट लावून ठेवायची ही त्याचीच युक्ती होती. वीट तिथंच होती, धुराने काळी झालेली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॉल्व्ह सुटला आणि सळई बसली. इंजिनाला जोडण्याआधी गॅस बाहेरच्या नळीतून सोडून पेटवून बघायचा असतो. धाकट्याचा अंगठा सुजून वांग्यासारखा झाला होता आणि त्याच्या डोक्यात राग होता. त्याने लाथेने वीट उडवली, भट्टीला वारा घालायच्या पंख्याचं चाक हाती धरलं आणि आदल्या दिवसाचा सगळा राग त्यात घातला. भट्टी गुरगुरली. नळीच्या तोंडाशी आधी पिवळी, धुरकट ज्वाळा होती. ती हळूहळू आखडली, निळसर झाली, आणि सुरसुर आवाज करत सरळ उभी राहिली.

धाकटीने बाजूची तोटी उघडली आणि तिच्यासमोर जुन्या धोतराचा तुकडा धरला. हे ती रोज करी. पांढऱ्या कापडावर गॅस सोडायचा आणि डाग बघायचा. रोज डाग चहासारखा येई, वाईट दिवशी काळपट. आज फडकं किंचित पिवळं झालं, तेवढंच. तिने फडकं उलटून बघितलं. जागा बदलून पुन्हा धरलं.

"अहो," ती म्हणाली. "आता इंजिन लावा."

इंजिन लागलं. वाटणीनंतर घेतलेला छोटा पंप फिरू लागला. त्याला फारशी ताकद लागत नव्हती, म्हणून इंजिनाने आपली तोटी आपणच आवळून घेतली, आणि भट्टीची गुरगुर विझत गेली. थोड्या वेळाने तिने नवं फडकं धरलं.

चहा.

"बंद करा," ती म्हणाली.

"आत्ता तर लावलंय!"

"बंद करा म्हणते ना. परत चिकटेल."

त्याने बंद केलं. शांततेत भट्टी मंद धुमसत राहिली. झाकणाच्या फटीतून पिवळट धूर येत होता, आणि ती त्याच्याकडे बघत होती.

"चूल फुंकली की धूर जळून जातो," ती म्हणाली. "धुमसत ठेवली की तोच धूर भांड्यावर बसतो. इथंही तसंच आहे. हे इंजिन नीट ओढतच नाही. त्याला ओझंच नाही."

"ओझं नाही म्हणजे?"

"बैल छकड्याला जुंपलाय, आणि छकड्यात आहे एक सूप."

धाकटा इंजिनाच्या चाकावर हात ठेवून उभा होता. त्याला कळलं होतं. तिला दिसत होतं की कळलं आहे, आणि ते त्याला बोलायचं नाही. वाटणीआधी याच इंजिनावर मोठा पंप होता आणि दोन्ही शेतं भिजत. तेव्हा गाळणी क्वचितच बदलावी लागे.

"मोठा पंप असताना—" ती म्हणाली.

"मोठा पंप दादाचा आहे."

"मी वाटणी बरोबर केली होती," मुकादम मध्येच म्हणाला. कुणी त्याला विचारलं नव्हतं. "तक्रारीला जागा ठेवली नाही. वखारीच्या काट्यावर दोन्ही नेलं. एका बाजूला इंजिन नि भट्टी. दुसऱ्या बाजूला पंप, पाइप, वर थोडं भंगार. लोखंडाला लोखंड बरोबर केलं. इंजिन धाकट्याला, पंप थोरल्याला."

"बरोबर केलीत, मामंजी," धाकटी म्हणाली. "तोळाभर इकडेतिकडे नाही."

म्हाताऱ्याने तिच्याकडे रोखून बघितलं. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं.

"मी नाही जाणार मागायला," धाकटा म्हणाला. "त्यानं काल उंबऱ्यावर पाणी ओतलंय."

"तुम्ही नकाच जाऊ. तुम्ही गेलात तर पंप राहील बाजूला, नि तुम्ही दोघं पाचवीपासूनची भांडणं काढाल."

*

थोरली जाऊ टेकडीच्या चढावर भेटली. दोन घागरी खाली ठेवून ती दगडावर बसली होती. डोक्यावरची चुंबळ हातात घेऊन तिने वारा घेतला, आणि धाकटीला येताना बघून चुंबळ परत डोक्यावर ठेवली.

"पाणी प्यायला आलीस?" ती म्हणाली. "पी. ह्याला वास नाही."

"वहिनी, पंप पाहिजे होता."

थोरली हसली. तोंड न उघडता. "विहीर नेलीस. आता पंप ने. चूल राहिलीय, ती कधी नेतेस?"

धाकटी समोर उभी राहिली. बसायला दगड होता, पण बस म्हटल्याशिवाय ती बसली नाही. तिने सगळं सांगितलं. इंजिन रिकामं चालतं, जाळ गार राहतो, गार जाळ डांबर सोडतो. ते धुतलं की पाण्यात जातं, नाही धुतलं की इंजिनात. मोठा पंप लागला तर डांबर मुळातच कमी निघेल. बोलताना तिला जाणवलं, आपण पाठ केल्यासारखं बोलतोय. तिने मध्येच थांबून ओठ ओले केले.

"आणि माझी विहीर?" थोरलीने विचारलं.

"ती लगेच नाही सुटणार. उपसावी लागेल, पुन्हा पुन्हा. एक पावसाळा जाईल कदाचित. खोटं सांगत नाही."

"मग मला काय त्याचं?"

"तोवर तुमचं पाणी मी भरीन. रोज. दारात आणून ठेवीन."

"हात दाखव."

धाकटीने हात पुढे केले. नखांच्या कडा, बोटांच्या रेघा, मनगटाची घडी, सगळीकडे तपकिरी. कुठल्याच साबणाने न निघणारं. थोरलीने हात धरला नाही. फक्त वाकून बघितलं.

"ह्या हातांनी माझ्या घागरीला शिवणार?"

"राखेनं घासून येईन."

वाऱ्याने धूळ आली. दोघींनी एकदमच घागरींच्या तोंडांवर हात धरले. मग थोरलीने आपला हात काढून घेतला.

"त्यांना मी काही बोलणार नाही," ती म्हणाली. "तुझं तू बोल. आणि एक ऐक, पण माझ्याकडून नाही ऐकलंस. त्यांच्या डिझेलच्या इंजिनाच्या रिंगा गेल्यात. पाणी कमी नि धूर जास्त. रोज पहाटे लावतात, शिव्या देतात, बंद करतात. तुमच्यासमोर बोलणार नाहीत. आमचाही मका वळतोय."

"मला काही ऐकू आलं नाही, वहिनी."

"जा मग. उभी काय राहिलीस? घागर उचलून दे."

*

थोरल्याशी ती फार बोलली नाही. गोठ्याच्या बाहेर उभी राहून म्हणाली, "भाऊजी, पंप तुमचाच राहील. फक्त आमच्या इंजिनावर फिरेल. दोन्ही शेतं भिजतील. नाही जमलं तर परत घेऊन जा, आणि पिंपावर फावडं टाका. मी आडवी येणार नाही."

थोरला दोरी वळत राहिला.

"चर उकरला?"

"नाही. आता उकरणारही नाही. पिंपातलं पाणी पिंपातच फिरवू. वर डांबर तरंगेल ते भुशात टिपून वाळवू आणि भट्टीत टाकू. जाळातून आलंय, जाळात जाईल."

"हे आधी का नाही केलं?"

"नाही सुचलं," ती म्हणाली. "चर सोपा होता."

त्याने दोरीला गाठ मारली. हो म्हटलं नाही. पण दुपारी गाडीवर पंप घालून तो इंजिनघरासमोर आला आणि पाठमोरा उभा राहून म्हणाला, "आबा, त्याला म्हणावं हात लाव. एकट्यानं उतरायचा नाही."

"तुझ्या मागंच उभा आहे तो," मुकादम म्हणाला.

"तरी सांगा."

"हात लाव रे."

"आबा, त्याला सांगा, अंगठा दुखावलाय," धाकटा म्हणाला. "डावी बाजू मी धरतो."

दोघांनी मिळून पंप उतरवला. पाया तोच होता, भोकं तीच, बोल्ट तेच. पट्टा चढवताना थोरल्याचा हात आपोआप बरोबर जागी गेला. मग भांडण आठवल्यासारखं त्याने तो मागे घेतला.

भट्टी पेटली. इंजिन लागलं. सुरुवातीला पट्टा सैल होता. धाकट्याने दांडा दाबला आणि पट्टा ताणला गेला. पंपाने पाणी धरलं आणि इंजिनाचा आवाज एकदम खाली बसला, दमेकऱ्याने चढावर थांबावं तसा. आता बंद पडणार, असं सगळ्यांना वाटलं. ठोका, ठोका, मोठी फट, ठोका. मग इंजिनाची तोटी आपोआप पूर्ण उघडली. मागे भट्टी हवा खेचू लागली आणि तिची गुरगुर जमिनीतून तळपायांना लागली. ठोके पुन्हा जवळ आले.

"फार खातेय," मुकादम म्हणाला. तो भट्टीजवळ गेला होता. "एवढं लाकूड! सगळा ढीग जाईल." त्याने खाली वाकून वीट उचलली आणि हवेच्या तोंडाकडे नेली.

धाकटीने विटेवर हात ठेवला.

"मामंजी, वीट खाली ठेवा."

"मला शिकवतेस?"

"खाली ठेवा म्हणते."

लग्न होऊन आल्यापासून ती त्याच्याशी असं बोलली नव्हती. म्हाताऱ्याची बोटं विटेवर घट्ट होती, तिचीही. इंजिनघरातून दोन्ही मुलगे बघत होते आणि एकही पुढे येत नव्हता. मग त्याची बोटं सुटली. वीट हातात घेऊन ती मागे वळली आणि कुठे ठेवावी ते न कळून तशीच उभी राहिली.

"काटकसरीनं घर चालतं," म्हातारा हळूच म्हणाला.

"घर चालतं. भट्टी नाही चालत."

पहिलं फडकं तपकिरी आलं. थोरल्याने ते बघितलं आणि नाक फेंदारलं. बरंच पाणी वाहून गेल्यावर धरलेलं दुसरं फडकं चहाचं होतं, दूध जास्त घातलेल्या. धाकट्याचे डोळे इंजिनाच्या झाकणावर होते. आत सळई वाकायला लागली तर बाहेरून दिसणार नाही हे माहीत असून. तिसऱ्यांदा तिने तोटी उघडली. फडकं पिवळसर झालं. कडेला पांढरंच राहिलं.

थोरल्याने फडकं तिच्या हातातून घेतलं, नाकाशी नेलं, उजेडात धरलं. मग त्याची घडी घालून खिशात ठेवली.

"आबा," तो म्हणाला, "त्याला विचारा, आधी कुणाच्या शेतात सोडायचं."

धाकट्याने पाट बघितला. बांधापलीकडचा मका बघितला. सुरळ्या तिथेही होत्या, आणि थोरल्याचा मका आधी पेरलेला. तुरा पुढे गेला होता.

"दादा, तुझा पुढं आहे," तो म्हणाला. "आधी तुझ्यात सोड."

मुकादम लाकडाच्या ढिगाकडे गेला. टोपली भरून आणली आणि भट्टीत ओतली. तोंड वाकडं करून, पण काठोकाठ भरून.

*

सकाळी धाकटीने हात राखेने घासले, मग लिंबाच्या सालीने, मग पुन्हा राखेने. दोन घागरी घेऊन ती टेकडी उतरली आणि चढली. चढताना तिचे कान मागे होते. लांबून इंजिनाचे ठोके येत होते. एक गळला तर चढ अर्ध्यावर सोडून ती पळणार होती. कुठेच फट पडली नाही. तरी प्रत्येक ठोक्याला ती पुढच्याची वाट बघत होती.

थोरलीच्या दारात तिने घागरी उतरवल्या. पायरीवर एक बाटली होती, विहिरीच्या पाण्याने भरलेली. तळाशी काहीतरी बसलं होतं.

"रोज भरून ठेवणार आहे," थोरली आतून आली. "साफ दिसेपर्यंत. तुला येताजाता दिसली पाहिजे."

"हो."

थोरलीने घागरीवर वाकून वास घेतला. मग तिने धाकटीचा हात धरला, उलटा केला, आणि त्याचाही वास घेतला. चेहरा वाकडा केला.

"येतोच आहे," ती म्हणाली.

"घासले होते."

"दिसतंय. कातडी गेलीय." तिने हात लगेच सोडला नाही. शेताकडून ठोके येत होते आणि दोघी ऐकत होत्या. "उद्या एकच आण," थोरली म्हणाली. "दुसरी मी आणीन."